भामाकाकीची उतरंड

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. निमगाव केतकीला मोटारीतून उतरायचं, बाजारतळ मागं टाकायचा आणि बैलगाडीच्या चाकोरीनं तास-दीड तास चालत राहायचं, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. नाव विसरले असं नाही. सकाळची गोळी घेतली की नाही हे हल्ली मला आठवत नाही, सून रोज त्यावरून चिडते. पण त्या गावातल्या कुठल्या घराचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते मी आजही सांगेन. नाव लिहीत नाही ते एवढ्यासाठी, की त्या गावाला मी एकदा परक्या माणसांसमोर उघडं पाडलं आहे, आणि एका जन्मात तेवढं बास झालं.

आमचं घर बारामतीचं, कॅनॉलकाठचं. घरामागून पाण्याची चारी वाहायची आणि तिचा आवाज इतका अंगवळणी पडलेला, की पाणी बंद झालं की घरातल्या कुणालाच धड झोप लागायची नाही. आबा, म्हणजे माझे वडील, वांगी, कोबी, मिरची करायचे. बांधाला पेरू आणि लिंबं. थंडीत शेजारच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलं की पोरं दिवसभर तिथंच, आणि घरी परतली की अंगाला, केसांना, पाटी-पुस्तकांना काकवीचा चिकट वास. खाण्यापिण्याची ददात नव्हती. तरी त्या भरल्या घरात मी एकटी होते. दोघी बहिणी नांदायला गेलेल्या. दोन्ही वहिन्या आपसांत खुसुखुसु बोलत असायच्या, आणि मी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की त्यांचं बोलणं भाजीच्या मिठावर यायचं. मी मॅट्रिक झाले होते. आमच्या भावकीत मॅट्रिक झालेली मुलगी ही नवलाची चीज होती, आणि नवलाची चीज माणसं कोनाड्यात ठेवतात, तिच्याशी बोलत बसत नाहीत. मला बघायला पाहुणे आले की आबा हौसेनं माझी वही आणून माझं अक्षर दाखवायचे. पाहुणे अक्षर बघायचे, वा वा म्हणायचे, चहा प्यायचे आणि पुन्हा यायचे नाहीत.

अशात एकदा आमच्या शाळेच्या मोठ्या बाई मला एका सभेला घेऊन गेल्या. पुण्याहून एका समितीच्या लीलाताई आल्या होत्या. खादीचं पातळ, बारीक चण, आवाज मात्र खणखणीत. त्या सांगत होत्या की परदेशातून दुधाची पावडर येते आहे, तिकडच्या लोकांनी इथल्या पोरांसाठी दिलेली. जगात कुठं कुठं, आपण नावंही ऐकली नाहीत अशा देशांत, पोरं उपाशी आहेत आणि हेच दूध सगळ्यांना पुरवायचं आहे. तुमच्या गुळाच्या ढेपा जिथं रचल्या आहेत तिथून एका दिवसाच्या चालीवर, इंदापूरच्या जिराईत पट्ट्यात, दोन वर्षांची पोरं अजून उभी राहत नाहीत. नुसतं दूध वाटून भागणार नाही, गावात राहून बघणाऱ्या, जे दिसलं ते लिहिणाऱ्या आणि कचेरीत जाऊन त्या लोकांच्या वतीनं बोलणाऱ्या मुली हव्या आहेत. मी हात वर केला. आज लोक सत्कारात सांगतात की बाईंच्या मनात लहानपणापासून गरिबांविषयी कळवळा होता. कसला कळवळा! कुणाला तरी कशासाठी तरी मी हवी होते, एवढंच मला त्या सभेत ऐकू आलं.

आबांना ते मुळीच पटलं नाही. “घरात तुला काय कमी हाय?” त्यांनी विचारलं.

“काय न्हाय, आबा.”

“मग दुसऱ्याची भूक हुडकत कशापायी हिंडायचं?”

आई चुलीशी बसून ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, “एक वरीस जाऊ द्या तिला. त्याच्या फुडं मी तिचं ऐकायची न्हाय.” आईनं माझी बाजू घेतल्याचा तो एकच प्रसंग मला आठवतो, आणि ती का घेतली ते मी तिला कधी विचारलं नाही.

गावात माझी सोय तात्यांच्या घरी झाली. तात्या गावातले शब्दाला मान असलेले गृहस्थ. कमरेत थोडे वाकलेले, बोलायला बेताचे. त्यांची बायको भामाकाकी. सात-आठ वर्षांचा नामा आणि धाकटी ठकी, दोन वर्षांची होऊन गेली तरी बसल्या जागी सरकणारी. दोन खणांचं घर, पुढं ओटा, आत चूल, आणि चुलीच्या समोरच्या कोपऱ्यात उतरंड. ज्यांनी उतरंड पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: मातीची मडकी एकावर एक रचलेली, खाली सगळ्यांत मोठं, वर लहान होत गेलेलं, आणि प्रत्येकात काही ना काही. ज्वारी, हुलगे, डाळ, मीठ. घरच्या बाईशिवाय तिला कुणी हात लावत नसे. काकीनं पहिल्याच दिवशी माझी वळकटी आत नेऊन ठेवली आणि म्हणाली, “पोरी, हितं लाजायचं न्हाय. भूक लागली की सांगायचं.” आबांनी महिन्याभरानं माझ्यासाठी ज्वारीचं पोतं पाठवलं, तर तात्यांनी गाडीवानाला ते तसंच माघारी न्यायला लावलं. घरात राहणाऱ्या पोरीचं खाणं तिच्या बापाकडून घ्यायचं म्हणजे काय, असा त्यांचा सवाल होता.

दुधाचं काम मारुतीच्या देवळापुढं चालायचं. पावडरचे गोल डबे, त्यांवर न कळणारी परदेशी अक्षरं. पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं, थोड्या पाण्यात पावडर कालवून घ्यायची, मग मोठ्या हंड्यात रवीनं घुसळायची; घाई केली की गुठळ्या. पहिल्या दिवशी अर्धा हंडा गुठळ्याच झाल्या आणि म्हातारी माणसं कट्ट्यावर बसून मनमुराद हसली. “गाय न्हाय, म्हस न्हाय, पिठाला दूध म्हणत्यात व्हय?” एकानं विचारलं. दुसऱ्यानं सांगितलं, “त्यांच्या मुलखात गाईच पीठ देत असतील.” पहिले काही दिवस पोरांची पोटं बिघडली आणि मला वाटलं, संपलं आपलं काम. पण बायकांनी धीर धरला. रोज सकाळी पोरं जर्मलच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या, वाट्या, तांबे, कुणी चक्क डाळीची पळी घेऊन रांगेत बसायची. सगळ्या आळ्यांची पोरं एकाच रांगेत बसवण्यावरून मी पहिल्याच आठवड्यात भांडण ओढवून घेतलं होतं. तेव्हा तात्या उठले आणि नामाला त्यांनी स्वतः रांगेच्या मधोमध नेऊन बसवलं. पुढं कुणी काही बोललं नाही.

दुपारी मी लिहायची. कुणाचे अर्ज, कुणाची पत्रं, समितीला महिन्याचा अहवाल. विहिरीच्या अर्जासाठी इंदापूरच्या कचेरीबाहेर दिवसभर बसून राहायची. शिपाई म्हणायचा, “साहेब जेवायला गेलेत,” आणि साहेब जेवून झोपून उठेपर्यंत माझी परतीची मोटार गेलेली असायची. सणावाराला बारामतीला गेले की बागाईतदारांच्या बायकांपुढं उभी राहून त्या गावाविषयी बोलायची. त्या ऐकून घ्यायच्या, हळहळायच्या, आणि माझं लग्न कधी आहे ते विचारायच्या. गावात मी लेक नव्हते, सून नव्हते, मास्तरीण नव्हते. दिवस कलला की बायका चुलीकडं वळायच्या, गडीमाणसं कट्ट्यावर, आणि मी ओट्यावर. त्या माळावर संध्याकाळी वाऱ्याखेरीज काही आवाजच नसायचा. घरच्या चारीचा आवाज मी कानात आणून बघायची, यायचा नाही. तेवढ्यात आतून काकीची हाक यायची, “ये ग, चुलीपाशी बस. एकटी काय बसलीस भुतावानी?” मी आत जाऊन बसायची. ती भाकरी थापायची, मी जाळ सारायची. आयुष्यात मला कुणी जवळ केलं असं मी म्हणते तेव्हा मला ती तेवढी जागा आठवते.

जेवायला तात्या, पोरं आणि मी एका पंगतीला. काकी मागून. त्यात नवल काहीच नव्हतं, आमच्या आईचंही तसंच असायचं. घरची बाई सगळ्यांचं झाल्यावर जेवते. आम्ही हात धुवून बाहेर आलो की ती दार लोटून घ्यायची. मी कधी मागं वळून बघितलं नाही. पहाटेचं तिचं जातं हळूहळू थोडाच वेळ ऐकू यायला लागलं, तेही माझ्या कानांना कळलं, डोक्याला नाही.

मग समितीचं पत्र आलं. येत्या गुरुवारी लीलाताई आणि परदेशी संस्थेचे एक साहेब गाव बघायला येणार होते. पत्रात पुढं लिहिलं होतं, की दूध कमी आणि मागणारी गावं फार, तेव्हा इथल्या गरजेची खात्री करून केंद्र ठेवायचं की दुसऱ्या तालुक्यात हलवायचं ते ठरवू. मी पत्र देवळापुढं वाचून दाखवलं, आणि शेवटचं वाक्य गाळलं. मला ते उच्चारवेना. ज्यांच्या चुलीपाशी मी बसते त्यांना ‘तुमची गरज बघायला येत आहेत’ असं तोंडावर कसं सांगायचं? तेव्हा मी एवढंच म्हणाले, “मोठे पाहुणे येणार आहेत. गाव नीट दिसलं पाहिजे.” हे माझे शब्द. ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाहीत.

पाहुणे येणार म्हटल्यावर गाव उठलं. त्या चार दिवसांत मी त्या माणसांना जेवढं खूश पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं. चावडी सारवली, देवळाला चुना लागला. ज्यांचे सोयरे पाटाच्या पाण्याखालच्या गावांत होते ते तिकडं गेले आणि पोरांसाठी बंड्या, परकर, टोप्या मागून घेऊन आले. काकीचं माहेर अंथुर्ण्याचं. ती पहाटे निघून गेली आणि दिवस मावळायच्या बेताला डोक्यावर गाठोडं घेऊन परत आली: गहू, हरभऱ्याची डाळ, गूळ, वाटीभर तूप. पुरणाचा बेत ठरला होता. पाय सुजले होते, पण तोंडभर हसत होती. “आमच्या दारात साता समुद्रापल्याडचा माणूस जेवणार. त्याला काय हुलग्याचं माडगं वाढू?” मीही त्या भरात होते. मी पोरांची डोकी तेलानं चोपडली, डोळ्यांत काजळ घातलं, दाराला आंब्याचे डहाळे बांधले. जी पोरं फारच किडकी, आजारी, ती बायकांनी आपण होऊन घरात ठेवली. पाहुण्यांसमोर रोगट पोर आणायचं नाही, ही तिकडची रीत. ठकीलाही काकीनं आतल्या अंधारात निजवलं. मी ते पाहिलं आणि मला काही खटकलं नाही. विशीच्या आतलं वय होतं, पण वय ही सबब पुरी पडत नाही.

साहेब भला माणूस दिसला. उंच, उन्हानं लाल झालेला, हातात वही. पोरं नव्या बंड्यांत रांगेनं बसली होती, ढगळ कपड्यांत हातापायांच्या काड्या झाकून गेल्या होत्या. कुणाचे गाल तेलानं चमकत होते. साहेबानं लीलाताईंमार्फत तात्यांना विचारलं की गावात पोरांना पोटभर मिळतं का. तात्यांनी पागोटं सावरलं. “सांगा सायबास्नी, देवाच्या किरपेनं काय कमी न्हाय. पोरं खाऊनपिऊन हायेत.” दारात आलेल्या पाहुण्याला याहून वेगळं उत्तर तात्यांनी मरताना सुद्धा दिलं नसतं. साहेबानं मान हलवली आणि वहीत लिहिलं. मग तात्यांच्या घरी चुलीच्याच खणात पाट मांडले, रांगोळी घातली, पोळ्या वाढल्या. गावातले चार वडीलधारे भिंतीला टेकून उभे. काकी आतल्या दाराआड, हातात तुपाची वाटी. साहेब दुसरी पोळी खात होता तेव्हा लीलाताई मला हळूच म्हणाल्या, “कुसुम, फार छान काम केलंस. इथलं मार्गी लागलं म्हणायचं. पुढच्या महिन्यापासून डबे पलीकडच्या तालुक्यात हलवू. तिथं फार वाईट आहे.”

मी म्हणाले, “ताई, हे सगळं मागून आणलेलं आहे.” त्या हसल्या. माझा जीव गावात गुंतलाय असं त्यांना वाटलं. “त्यांनी स्वतःच सांगितलं ना,” त्या म्हणाल्या. आतून ठकीचं कुरकुरणं ऐकू येत होतं. गेल्याच आठवड्यात ती भिंतीला धरून उभी राहिली होती, आणि तेव्हा काकी हातातलं पीठ न धुता तिला उचलून गावभर फिरली होती. मी उठले. काय करणार आहे ते मला नीट ठाऊक नव्हतं. मी कोपऱ्यात गेले, उतरंडीचं वरचं मडकं काढलं आणि सगळ्यांसमोर उपडं केलं. काही नाही. दुसरं काढलं. मुठीएवढे हुलगे. तिसरं रिकामं, चौथं रिकामं. ते सगळं मी काढत होते आणि मोठ्यानं बोलत होते, की बंड्या उसन्या आहेत, गहू उसना आहे, गूळ उसना आहे, आजारी पोरं घराघरांत झाकून ठेवली आहेत. मला कुणी अडवलं नाही. सगळ्यांत खालचं मोठं मडकं मला हलवेना म्हणून मी ते कलतं केलं. तेही रिकामं असेल असं मी धरून चालले होते. त्यातून चिंचोके घरंगळले. काळे, तुळतुळीत, रांगोळीपर्यंत गेले.

साहेबानं एक उचलून हातात फिरवला आणि लीलाताईंना काहीतरी विचारलं. लीलाताईंना कळलं नाही, त्यांनी माझ्याकडं बघितलं. दाराआडून काकीचा आवाज आला, रोजच्यासारखाच. “चिंचोकं हायती. भाजायचं, टरफल काढायचं आन शिजवायचं. पोटाला आधार ऱ्हातो.”

“कोण खातं?” लीलाताईंनी विचारलं.

“मी खाते.”

मी तिच्याकडं बघितलं नाही. दार लोटून घेतल्यावर ती इतके दिवस काय जेवत होती, आणि माझ्या पानात रोज पडणारी दीड भाकरी कुणाच्या वाटची होती, हे मला तिथं, पंगतीतल्या सगळ्यांबरोबर कळलं. तात्या उठून बाहेर गेले. पाहुण्यांच्या पंगतीतून यजमान उठून गेल्याचं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

दूध राहिलं. नुसतं राहिलं नाही, तर वाढलं. जादा डबे आले, मोठ्या बायांनाही मिळायला लागलं. समितीचं पत्र आलं, त्यात माझ्या स्पष्टवक्तेपणाची तारीफ होती. ते पत्र मी फाडून टाकलं. गावात मला कुणी वाकडा शब्द बोललं नाही. बोलले असते तर किती बरं झालं असतं. पोरं रांगेत येत, दूध पीत, वाट्या चाटून पुसून जात. पण अर्ज लिहून घ्यायला माणसं निमगावला जाऊ लागली. मी पाण्यावर गेले की बायका आडाची कड सोडून मला वाट करून देत, मोठ्या अदबीनं. आणि घरी, दुसऱ्याच दिवसापासून, भामाकाकीनं मला पाहुणी करून टाकलं. दोन वेळा पाट, पाटाभोवती रांगोळीची रेघ, उजव्या हाताला पाण्याचा तांब्या. आधी मी एकटी जेवायची, मग तात्या आणि पोरं. “बसा बाई. घ्या बाई.” पोरी म्हणणं संपलं. मी चुलीशी जाऊन बसले की ती उठून उभी राहायची आणि मी तिथून हलेपर्यंत उभीच राहायची. संध्याकाळी ओट्यावर मला आतून हाक यायची बंद झाली. मी आबांना निरोप धाडून ज्वारी मागवली. या वेळी तात्यांनी पोतं माघारी लावलं नाही. काकीनं ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवलं आणि त्यातली ज्वारी ती फक्त माझ्या भाकरीपुरती दळायची. त्यातला एक दाणा त्या घरातल्या कुणाच्या तोंडात गेला नाही. माझ्याच बापाची भाकरी मी त्या पाटावर बसून, भिंतीकडं बघत गिळायची. एकटेपणा मला नवा नव्हता, पण आपल्या हातानं मिळवलेला तो पहिलाच.

पुढं सगळं आयुष्य मी याच कामात काढलं. शहरांत सभा होतात, पडद्यावर फोटो दाखवतात: बरगड्या दिसणारं पोर, रिकामं ताट हातात धरलेली बाई. माणसं डोळे पुसतात, मदत करतात, आणि ती मदत पोचते हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तरी दर वेळी मी मागच्या रांगेतून विचारते, “या बाईला विचारलं होतं का?” आयोजक एकमेकांकडं बघतात. म्हातारी तऱ्हेवाईक झाली म्हणतात. म्हणू देत. त्या दिवशी मी गप्प बसले असते तर डबे गेले असते आणि ठकीसारखी पोरं भिंत सोडून चालली नसती, हे मला ठाऊक आहे. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा बोलेन. एवढं पक्कं ठाऊक असूनही मला त्याचा कधी अभिमान वाटला नाही, शरमच वाटली, आणि ती वयाबरोबर कमी झाली नाही.

वर्ष संपलं. सुगी होऊन गेली होती, नवी ज्वारी घराघरांत आली होती, ठकी अंगणात कोंबड्यांच्या मागं धावत होती. माझ्या जागी दुसरी मुलगी यायची होती आणि बारामतीला आई माझी वाट बघत होती. निघायच्या दिवशी सकाळी काकीनं पाट मांडला. मी तो भिंतीला उभा केला आणि चुलीच्या बाजूला जमिनीवर बसले.

“आज मी तुमच्याबरोबर जेवणार, काकी.”

“आदी तुमी घ्या, बाई. मोटार चुकंल.”

“चुकू दे.”

ती उभी राहिली. मी हलले नाही. बऱ्याच वेळानं तिनं तात्यांना आणि पोरांना वाढलं; ते जेवून रानात गेले. भाकरीची टोपली फडक्यानं झाकलेली, आमच्या दोघींच्या मध्ये. ती मला वाढल्याशिवाय जेवणार नव्हती आणि मी तिच्याशिवाय घास घेणार नव्हते. दोघींचा हट्ट सारखाच. निमगावची मोटार गेली असेल अशी वेळ झाली, ऊन ओट्यावरून खाली उतरलं. चूल विझत आली तशी ती खाली बसली आणि राख सारायला लागली.

“मडकी काडलीस त्याचं मला काय न्हाय,” ती राखेकडं बघत म्हणाली. “दूध ऱ्हायलं, पोरगी चालाया लागली, त्ये तुझ्यामुळं. मी काय आंधळी न्हाय. पर मी तितंच हुते की ग, दाराआड. चार पावलांवर. एकदा येऊन इचारायचं हुतंस, काकी, सांगू का, म्हणून.”

त्या गुरुवारनंतर ती पहिल्यांदा माझ्याशी घरच्यासारखी बोलत होती. मला रडू आवरेना. मी विचारलं, “तुम्ही हो म्हणाला असता?”

खोटं बोलायची तिला सवय नव्हती. “न्हाय,” ती म्हणाली. “न्हायच म्हणले असते. मग तू माझ्याशी भांडली असतीस. घरातल्या पोरी भांडत्यात, आरडाओरडा करत्यात, आन मग करायचं त्ये करत्यात. तू भांडली न्हाईस. तू सरळ पावण्यांच्या बाजूला जाऊन हुबी ऱ्हायलीस.”

इतक्या वर्षांनीही त्याला जोड देणारं वाक्य मला सापडलेलं नाही.

तिनं टोपलीवरचं फडकं काढलं. दोन ताटं घेतली. दोन्ही ताटांत एकाच टोपलीतली, त्यांच्या नव्या ज्वारीची भाकरी, हुलग्याचं कालवण, कांदा. एक माझ्यापुढं सरकवलं. दुसरं घेऊन ती चुलीकडं तोंड करून बसली, माझ्याकडं पाठ केली आणि जेवायला लागली. मीही जेवले. आम्ही दोघी एका वेळी जेवलो ते तेवढं एकदाच. तिचा खांदा हलत होता, भाकरी मोडल्याचा आवाज येत होता, आणि मी तो कान देऊन ऐकत होते. माझं ताट संपलेलं तिला न बघताच कळलं. तिनं टोपली मागं सरकवली.

“आनकी अर्धी घ्या, बाई,” ती म्हणाली.